पायाचा ब्रेक आणि विहिरीतला कोनाडा

आमच्या लॉजच्या संडासात विहिरीचं पाणी पडत नाही. लोकांनी आंघोळ करून सोडलेलं पाणी गाळून, वर चढवून तेच तिथं पडतं. हे वाक्य मी चहाच्या टपरीवर बोललोय, ग्रामपंचायतीत बोललोय, एका सोयरिकीच्या बैठकीत बोललोय आणि एकदा दहाव्याच्या घाटावरही बोलून बसलोय. तिथं मला दोघांनी दंडाला धरून बाजूला नेलं. तरी मी जाता जाता बोललोच.

ह्या सगळ्याच्या मुळाशी एक जेवण आहे. पुण्यात एका मोठ्या हॉटेलात लग्नाचं रिसेप्शन होतं आणि मी चुकीच्या दारातून आत शिरलो. हॉल थंडगार, खुर्च्यांना पांढरी कापडं. नवरा-नवरी कुठं दिसेनात. मला वाटलं, नटायला गेली असतील. ताट भरलं, पनीर दोनदा घेतलं, बासुंदीला नाही म्हटलं नाही. निघणार तोच एका पोरीनं माझ्या गळ्यात कार्ड अडकवलं आणि मला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. कपडे पांढरे, मिशा भरदार. तिला मी कुणी मोठा पाहुणा वाटलो असणार. सभा होती हरित इमारतींची. अन्न खाऊन बसलेलो, आता उठायचं कोणत्या तोंडानं?

व्यासपीठावरच्या माणसानं विचारलं, "पिण्याच्या पाण्यानं संडास कोण कोण धुतं?"

अख्ख्या सभागृहातून मी एकट्यानं हात वर केला. मला वाटलं, धुणं ही चांगली गोष्ट आहे.

"शाब्बास," तो म्हणाला. "बाकीचेही धुतात, पण कबूल करत नाहीत." मग त्यानं चित्र दाखवलं. इमारतीत दोन पाइप. एकातून पिण्याचं नि आंघोळीचं चांगलं पाणी, दुसऱ्यातून वापरलेलं, गाळलेलं पाणी, ते फक्त फ्लशला. अशा इमारतीला गुण मिळतात, गुण जमले की प्रमाणपत्र. पोटात परक्याची बासुंदी आणि डोक्यात दुसरी पाइप घेऊन मी घरी आलो. खऱ्या लग्नातला आहेराचा टॉवेल अजून मिळायचाय.

पाइप डोक्यात एवढी का बसली, ते सांगायला हवं. आमचं घर पिंपळवंडीच्या शिवारात, ओझरला जाणाऱ्या रस्त्याला. भाऊ आम्ही दोघं, विहीर एक. थोरला द्राक्षबाग बघतो, मी लॉज. ओझरच्या गणपतीला येणारी, भीमाशंकर करून उतरलेली मंडळी आमच्याकडं मुक्कामाला थांबतात. विहिरीच्या दगडी बांधकामात खाली एक कोनाडा आहे. पावसाळ्यात तो खोल पाण्यात असतो. उन्हाळ्यात पाणी उतरत उतरत त्याच्या डोक्याशी येतं. नेमकं तेव्हाच दादाच्या बागेला छाटणीनंतरचं पाणी लागतं आणि माझ्याकडं सुट्टीची गर्दी असते.

दादाचा कायदा सोपा. "कोनाडा पुरा उघडा पडला की लॉजला कुलूप. हीर वावरासाठी हाय. तुझ्या पावण्यांच्या संडासासाठी न्हाय."

मागल्या वैशाखात कुलूप लागलंही. मी दादाच्या हाताखाली बागेत छाटलेल्या काड्या गोळा करत होतो. तो बांधावर तंबाखू मळत बसलेला. म्हणाला, "आता कसा मानसात आला." कुलूप मी सोसलं असतं. ते वाक्य नाही सोसलं. म्हणून पुण्याहून आल्यावर टपरीवर, दादाच्या देखत, चार माणसांत मी बोलून गेलो, "हिथनं फुडं फ्लशमधी हिरीचा थेंब पडला, तर कुलूप मीच लावीन!"

"लाव की," दादा म्हणाला. "कुलूप मी देतो." आणि टपरीवाल्याला म्हणाला, "ह्याला अजून एक चहा दे, राव. लई बोललाय."

काम सुरू झालं. न्हाणीघरांचं पाणी एका हौदात, तिथून वाळूच्या फिल्टरमधून पंपानं गच्चीवरच्या दुसऱ्या टाकीत, तिथून फ्लशला. वाळूचा फिल्टर आम्हाला नवा नाही, ठिबकवाल्या प्रत्येक बागेत असतो. नवी होती ती दुसरी पाइप. प्लंबर भिंतीकडं बघून म्हणाला, "भाऊ, दोन बायका केलेला मानूस ऐकलाय. एका संडासाला दोन पायपा नव्हत्या ऐकल्या." त्यानं जिन्याखाली एक वॉल्व्हही बसवून दिला. कधी आंघोळीचं पाणी कमी पडलं, तर तो फिरवायचा आणि विहिरीचं पाणी फ्लशला सोडायचं. मी म्हटलं, हा वॉल्व्ह मला नको. तो म्हणाला, "असू द्या. तुमाला नको, वहिनींना लागंल."

कार्ड अडकवणारी ती पोरगी प्रमाणपत्रांचंच काम करणारी निघाली. तिचा नंबर त्या कार्डाच्या मागं होता. मी फोन केला. ती मला 'काका' म्हणते, मी तिला 'मॅडम'. तिनं एक गोष्ट बजावून सांगितली, "हात धुवायच्या नळाला ते पाणी अजिबात जोडू नका. आणि पाण्याला थोडा रंग द्या, म्हणजे चुकून कोणी वापरणार नाही." पहिलं मी तंतोतंत पाळलं. दुसऱ्याला घरात होता तो रंग दिला. बैलगाडा शर्यतीतला गुलाल उरला होता.

पहिल्याच मुक्कामाला साताऱ्याकडचे एक वयस्कर पावणं उतरले. पहाटे त्यांनी फ्लश दाबला, भांड्यात खाली बघितलं आणि कडी काढून धोतर सावरत बाहेर आले. "मालक, दवाखाना कुठं हाय? माझं काय खरं न्हाई." त्यांना गाडीत घालेपर्यंत मला गुलाल आठवला नाही. आठवला तेव्हा मी हसलो, आणि ती माझी त्या दिवशीची दुसरी चूक. ते दर्शन न घेता गेले. त्यानंतर मी कपड्यांची नीळ घातली. पण पुढं काय कळलं ते ऐका. पहिल्या पंधरवड्यात आमच्याकडं फ्लश दाबणारा तो एकटाच माणूस होता, आणि त्याचाही दाबण्यावरचा विश्वास मी उडवला.

ते कळलं असं. गच्चीवरची दुसरी टाकी वाहायला लागली. निळं पाणी भिंतीवरून खाली, आणि त्याला वास. साचून राहिलेलं साबणाचं पाणी नासतं तेव्हा कसा वास येतो, ते मी सांगत बसत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. खाली दादा विहिरीत वाकून ओरडत होता, "अरं, बाग अजून भिजवली न्हाई तर पानी हातभर उतरलं कसं?"

म्हणजे वरचं वापरलेलं पाणी कोणी वापरत नव्हतं आणि खालचं चांगलं पाणी जात होतं. मी फ्लशच्या टाक्यांची झाकणं काढून बघितली. सगळ्या काठोकाठ भरलेल्या. एकीच्या झाकणाखाली पाल व्यवस्थित संसार करत होती. आणि प्रत्येक संडासात नळाखाली बादली. बादली ओली, मग ओला, फरशी ओली. लोक नळ सोडत, बादली भरून घेत आणि भांड्यात ओतून मोकळे होत. फ्लशचं बटण नव्या नवरीसारखं कोरं.

मी बायकोला म्हणालो, "ही कसली माणसं! एक बटण दाबवत नाही?"

ती तांदूळ निवडत होती. "तुम्ही दाबता का?"

दोन पाइपांचा धनी मी, आणि मीसुद्धा रोज बादलीच ओतत होतो.

"त्या बटणाला आधीच्यानं कुठला हात लावलाय, कोणाला माहीत?" ती म्हणाली. "बादलीला निदान ओतल्यावर पाणी लागलेलं असतं."

हे मॅडमनी सांगितलं नव्हतं. पुण्याच्या हॉलमध्येही कोणी बोललं नाही. मी हट्टाला पेटलो. आधी पाटी लावली, 'कृपया बटण दाबा'. ती कोणी वाचली नाही, कारण तिथं वाचायच्या मनःस्थितीत कोण असतं? मग मी व्हरांड्यात उभा राहून आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागलो, "दाबा बरं का." एका बाईनं नवऱ्याकडं तक्रार केली. नवरा बाह्या सरसावत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मग मी बादल्याच काढून घेतल्या. दुपारपर्यंत खोल्यांमधले पिण्याच्या पाण्याचे जग गायब झाले. ते कुठं गेले हे मला कळलं तेव्हा मी बादल्या परत ठेवल्या आणि जग फेकून दिले.

दादा रोज सकाळी विहिरीवरून ओरडून पाण्याची खबर देई. "एक वीत राह्यलं कोनाड्याला! काड्या गोळा करायला येतूस न्हवं?"

मला ब्रेक सुचला तो गोठ्याच्या मागं. तिथं दादाची पहिली मोटारसायकल गंजत उभी आहे. सीटवर कोंबड्या अंडी घालतात. मी अंडी काढायला गेलो आणि सवयीनं तिच्यावर बसलो. बसलो तसा उजवा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडीला चाकं नव्हती, तरी मी ब्रेक दाबला. अंडं फुटलं. पण मला कळलं. आमच्याकडच्या माणसाला हातानं दाबायला सांगावं लागतं, पायानं दाबायला सांगावं लागत नाही.

दादा बागेत होता. मी ब्रेक सोडवून घेतला. संडासात उजव्या पायाच्या अंगाला फरशीत बसवला, क्लचची वायर कप्पीवरून नेऊन फ्लशच्या टाकीच्या दांडीला बांधली. पाय दिला की वायर ओढली जाते, टाकी सुटते, कशाला हात लावायचा नाही. पहिल्यांदा वायर जास्त ताणली आणि दांडी तुटून माझ्याच डोक्यावर निळं पाणी आलं. ते मी कोणाला सांगितलं नाही. कान निळे असल्यानं सांगायची गरज पडली नाही. दुसऱ्यांदा जमलं. बाकीच्या संडासांसाठी नारायणगावच्या भंगारवाल्याकडून ब्रेक आणले. तो म्हणाला, "गॅरेज टाकलं का, भाऊ?" मी म्हटलं, "संडास." त्यानं ब्रेक घाईनं पोत्यात भरले.

आणि लोक दाबू लागले, राव! जाताना ब्रेक, कोणी कोणी आत शिरतानाही ब्रेक. एक आजी बाहेर येऊन नातवाला म्हणाल्या, "गाडी लई जुनी हाय, पन ब्रेक झकास." वास गेला. टाकीतलं पाणी रोज उतरू लागलं, रोज नवं चढू लागलं. विहिरीचं पाणी उतरत होतं, पण आता दादाच्या बागेच्या मापानं.

मग प्रमाणपत्राच्या माझ्या अर्जासाठी मॅडम तपासायला आल्या. रस्त्यावरूनच त्यांना माझा बोर्ड दिसला. हिरव्या पानाचं चित्र आणि खाली 'प्रमाणित हरित इमारत'. प्रमाणपत्र यायचं होतं, पण रंगारी आधी आला होता.

"काका, हा बोर्ड आज उतरवा," त्या म्हणाल्या. "न मिळालेलं मिळालं म्हणून लिहायचं नाही."

बरोबर होतं. मी शिडी आणली आणि उतरवला. मग त्यांनी हौद बघितला, फिल्टर बघितला, हात धुवायचे नळ तपासले, मान डोलावली. शेवटी संडासात गेल्या. आतून पाण्याचा आवाज आला. मग पुन्हा आला. मग तिसऱ्यांदा. बाहेर आल्या त्या हसू दाबत.

"काम तर करतंय. पण काका, हे अर्जात बसणार नाही. मान्य फ्लश टाक्यांची यादी असते. बटणाच्या, थोडं पाणी नि जास्त पाणी अशी दोन बटणं असलेल्या. त्या बसवा, मी पुढच्या महिन्यात येते, सगळं सुरळीत होईल."

"बटणं बसवली की लोक बादली ओततात."

"ते मोजलं जात नाही."

"आमची हीर मोजती ना!" मी म्हणालो. "बटण बसवलं की कागद मिळणार, आणि विहिरीचं पाणी संडासात जाणार. ब्रेक ठेवला की पाणी वाचणार, कागद नाही. असंच ना?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "हो. आज तरी असंच."

"मग राहू द्या कागद."

त्यांनी मला पुन्हा समजावलं. लॉजचं नाव होईल, पुण्याची माणसं येतील. मी म्हटलं, पुण्याच्या माणसांनाही पाय आहेत. त्यांनी चहा घेतला, ब्रेकचा फोटो काढला आणि तो वर दाखवीन म्हणाल्या. दाखवला असेल. मी काही वाट बघत नाही. बोर्ड मी उलटा करून पुन्हा चढवला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या हातानं लिहिलं: 'इथल्या संडासात विहिरीचं पाणी पडत नाही. ब्रेक पायानं दाबावा. पटत नसेल त्यांनी पुढं ओझरला जावं.' अक्षर उतरतं गेलंय. राहू दे.

वैशाखातल्या संकष्टीला खरी परीक्षा झाली. लॉज गच्च भरलेलं, व्हरांड्यात गोधड्या, संडासांसमोर रांगा. आणि नेमका वाळूचा फिल्टर तुंबला. पंप घरघरतोय, पाणी वर चढेना. वरची टाकी कोरडी. ब्रेक दाबले जातायत आणि खट खट एवढाच आवाज येतोय. रांगेतला एकजण ओरडला, "मालक, ब्रेक फेल!"

बायको जिन्याखाली उभी. "अहो, आजच्या दिवस तो वॉल्व्ह सोडा. लोकांपुढं शोभा नको."

तेवढ्यात दादा विहिरीवरून आला. हातात साखळी नि नवं कोरं कुलूप, त्याला किल्ल्यांचा जुडगा. "कोनाड्याचं डोकं दिसाया लागलंय. सोड तू पानी, सोड. संध्याकाळपातुर कोनाडा पुरा उघडा पडतो का न्हाई बघ. कुलूप मी संगटच आनलंय."

"दादा, डोकं दिसलंय. पुरा उघडा न्हाई पडला."

"आज पडंल की. एवढी मानसं हायत."

मी त्याच्या हातातून कुलूप-साखळी घेतली. त्याला वाटलं, मी शपथ पाळतोय. तो बाजूला सरकलाही. मी जिन्याखाली वाकलो, साखळी वॉल्व्हच्या चाकातून ओवली आणि कुलूप त्या वॉल्व्हला घातलं. मग जुडगा घेऊन विहिरीच्या काठावर गेलो आणि सगळ्यांच्या देखत पाण्यात भिरकावला. आवाज छान आला. रांगेतून कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

मग मी हौदात बादली बुडवली. आंघोळीचं पाणी तिथं भरपूर होतं, वर चढत नव्हतं एवढंच. बादल्या भरभरून प्रत्येक संडासाच्या दारात ठेवू लागलो. "हे ओता, पावणं! हे फक्त ओतायचं, दुसऱ्या कशाला न्हाई. नळाला हात धुवा." आणि लोक आनंदानं ओतू लागले, कारण बादली ओतणं हेच तर त्यांना हवं होतं. मी घामानं आणि निळीनं भिजलो. बायकोनं पदर खोचला आणि दुसरी बादली उचलली. मधल्या वेळात मी पंप उलटा जोडून फिल्टरची वाळू धुतली. दुपारी टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला, तेव्हा रांगेतल्या माणसानं आत जाऊन ब्रेक दाबला आणि ओरडला, "लागला!"

दादा एवढा वेळ कट्ट्यावर बसून होता. तो उठला, पहिल्या संडासात गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा म्हणाला, "हा ब्रेक माझ्या गाडीचा हाय."

"हाय."

"काढून दे."

"देत न्हाई."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग खिसे चाचपले, एकदा, पुन्हा एकदा. "त्या जुडग्यात," तो हळू आवाजात म्हणाला, "माझ्या ट्रॅक्टरची किल्ली व्हती."

मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी फेकला असता की नाही, हे मी आजही नक्की सांगत नाही.

"आता हीर उपसावी लागंल," दादा म्हणाला.

"उपस की," मी म्हणालो. "पन मग कोनाडा तू उघडा पाडला, मी न्हाई. त्यावर कुलूप लागनार न्हाई."

बायको आत जाऊन हसली, तरी बाहेर ऐकू आलं.

वैशाख गेला. कोनाड्याचं डोकं दिसत राहिलं, खांदे दिसले नाहीत. लॉज एकही दिवस बंद राहिलं नाही आणि दादाची बागही वाळली नाही, हे तो सोडून सगळे कबूल करतात. ट्रॅक्टर तो दोन वायरी जोडून चालू करतो. रोज सकाळी विहिरीत वाकून खाली बघतो, किल्ली दिसते का म्हणून, आणि मी व्हरांड्यातून विचारतो, "दिसली का रं, दादा?"

"न्हाई."

"मंग चालू हाय लॉज."